भरतीचा बांध

"मग येणार तरी कधी, गुरुजी?"

शार्दूलने तिसऱ्यांदा विचारलं. केणी गुरुजी नेहमीसारखे बांधाकडे पाठ करून घोंगडीवर बसले होते.

पौष अर्धा सरला होता. भरतीचं पाणी मिठागराच्या बांधाला लागलं होतं. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरणारे तुतवार पक्षी भरतीला याच बांधावर येऊन बसतात, पाणी उतरेपर्यंत डोळा लावतात. हिमालयापलीकडून आलेले मुठीएवढे जीव, त्यांना तेवढीच काय ती झोप. यंदा बांधावर एक पीसही नव्हतं.

शार्दूल आम्हां गुरुजींच्या शिष्यांत सगळ्यात हुशार. हे त्याला कोणी सांगावं लागत नसे. गेल्या हिवाळ्यात त्याच्या फोटोला मोठं बक्षीस मिळालं. हजारभर तुतवार एकदम उडालेले, पंखांवर सकाळचं ऊन. फोटोखाली त्याने जागेचं नाव गावासकट लिहिलं. मग रोज कॅमेरेवाल्यांच्या गाड्या येऊ लागल्या.

आज तो फोटो त्याने पहिल्यांदाच गुरुजींपुढे धरला. कौतुक हवं होतं की माफी, देव जाणे.

गुरुजींनी बराच वेळ पाहिलं.

"कशाला भ्याले?"

"कोण, गुरुजी?"

"सगळे एकदम उडाले, म्हणजे कशाला तरी भ्याले असतील."

शार्दूलने मान खाली घातली. ढेकूळ मारलं होतं, म्हणाला. एकच. बसलेल्या थव्याचा फोटो काय, कोणाकडेही असतो. नंतर आलेल्यांनीही तेच केलं, प्रत्येक भरतीला, महिनाभर. खरं सांगतो, शेजारी बसलेल्या मला त्याची कीव आली नाही.

"काय करू, गुरुजी? फोटो काढून टाकतो. कॅमेरा टाकतो. सांगाल ते करतो."



तीस हिवाळे गुरुजी भरतीच्या वेळी इथे बसत आले, ते बांधाकडे पाठ करून. माणसाचं तोंड आपल्याकडे दिसलं की पाखरू डोळे मिटत नाही, म्हणून. पक्षी शिकवणारा माणूस पक्ष्यांकडेच पाठ करून बसतो, यावर शार्दूल आम्हां सगळ्यांना हसवायचा.

गुरुजी उठले. घोंगडी झटकून पुन्हा अंथरली आणि बांधाकडे तोंड करून बसले.

शार्दूल चरकला. "गुरुजी, हे काय?"

"बस. आता बघायला हरकत नाही."