परकीय कोणाला?

एम.ए.ची पदवी मिळवण्यासाठी एक परकीय भाषा येणे बंधनकारक होते. मस्कतमध्ये वाढलेल्या सुमैया मुकादमने अरबीची परीक्षा देऊन ही अट पूर्ण करण्याची परवानगी मागितली. अन्यथा महाविद्यालयातल्या जर्मनच्या वर्गापायी तिचे एक वर्ष वाया जाणार होते.

विभागप्रमुख डॉ. टिपणीस हसले. "अगं, ज्या भाषेत लहानाची मोठी झालीस, ती तुला परकीय कशी?"

सुमैयाने शांतपणे त्यांना अरबीत चार वाक्ये ऐकवली.

"काय म्हणालीस? मला एक अक्षर कळलं नाही."

"सर, नियम महाविद्यालयाचा आहे आणि महाविद्यालयाला ही भाषा परकीय आहे, हे आपणच आता सिद्ध केलंत. मला ती येते का, एवढंच तपासायचं उरलं."

टिपणीसांनी परीक्षेच्या अर्जावर सही केली.