हिरव्या दिव्याची साक्ष

"यंत्र खोटं बोलतं का, अक्का?"

भरतेश मगदूमनं दारातूनच विचारलं. चपलाही काढल्या नव्हत्या.

रत्नाक्का म्हेत्रे मागाखाली वाकून तेल घालत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"कुणाचं यंत्र?"

"माझं."

"मग तूच सांग."

इचलकरंजीत रत्नाक्कांना सगळे नुसतं अक्काच म्हणत. सगळी नोकरी त्यांनी विणकामाची यंत्रं शिकवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धोट्याशिवाय चालणारा एक जुना रॅपिअर माग आणून बसवला. कापड विकण्यासाठी नव्हे. जुना विद्यार्थी कुठं अडला तर त्यानं यावं आणि मागालाच विचारावं, यासाठी.

भरतेश त्यांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. अक्कांनी हे त्याला कधी सांगितलं नव्हतं. त्याला ते ठाऊक होतं.

"बोलत नाही," भरतेश म्हणाला. "यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो."

"कोण माणूस?"

"दस्तगीर नदाफ."

अक्कांनी तेलाची बुधली खाली ठेवली.

बाबगोंडा पाटलांच्या कारखान्यात परदेशातून आणलेले जुने माग होते. आडव्या सुतावर नजर ठेवणारे त्यांचे मूळ सेन्सर मेले होते, नवे मिळत नव्हते. भरतेशनं स्वतःच सेन्सर घडवला. सुताचा कोन, म्हणजे सूत गुंडाळलेली शंकूसारखी रीळ, एका टोकाला. तिथून सूत फीडरच्या ढोलावर जातं. फीडर ते थोडं साठवतो आणि मागाला लागेल तसं देतो. कोन आणि फीडर यांच्यामध्ये भरतेशनं प्रकाशाचा एक डोळा बसवला. डोळ्यापुढं सूत असलं की हिरवा दिवा. सूत तुटलं की लाल दिवा, आणि माग बंद.

देखणं काम होतं. पाटलांनी ते सगळ्या मागांवर लावलं.

मग दस्तगीरच्या मागांवरचं कापड परत आलं. मध्येच आडवं सूत नसलेल्या विरळ पट्ट्या.

दस्तगीर म्हणाला, सूत तुटतं आणि माग थांबत नाही.

भरतेश म्हणाला, दिवा हिरवा होता, सगळ्यांनी पाहिलाय. म्हणजे सूत होतं. दस्तगीरच माग थांबवून आडव्या सुताचा अर्धवट फेरा न काढता तसाच पुढं रेटत असणार.

पाटलांनी दस्तगीरला घरी बसवलं. पण माणूस जुना. म्हणून एवढंच म्हणाले, अक्कांनी एकदा सेन्सर बघावा आणि बरोबर आहे म्हणावं. मग विषय संपला.

"तेवढंच हवंय," भरतेश म्हणाला. "तुम्ही बरोबर म्हणा."

"लाव."

त्यानं पिशवीतून सेन्सर काढला आणि अक्कांच्या मागावर चढवला. हात सफाईदार होते. माग सुरू झाला. खडखड शेडभर भरली. दिवा हिरवा.

भरतेशनं कात्रीनं सूत कापलं.

लाल. माग जागच्या जागी थांबला.

"बघा."

"छान," अक्का म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या. "तुझा डोळा काय बघतो?"

"सूत."

"सुताचं काय बघतो?"

"आहे की नाही. बस्स."

"बस्स..."

अक्कांनी त्याच्या हातातली कात्री घेतली. सुताचा बोटभर तुकडा कापला. सेन्सरच्या तोंडाशी चिनी मातीची कडी होती, तिच्यातून सूत आत येतं. तुटलेलं टोक कधी अडकून बसतं तसा तो तुकडा त्यांनी कडीत अडकवला. त्याचं शेपूट डोळ्यापुढं लोंबत राहिलं.

मग त्यांनी माग सुरू केला.

दिवा हिरवा झाला.

फीडरच्या ढोलावर साठलेलं सूत सरत गेलं. संपलं. माग चालूच. सूत पलीकडं नेणारा मागाचा हात रिकामाच जायचा, रिकामाच यायचा. विणलेल्या कापडापुढं नुसते उभे धागे सरकू लागले. फणीच्या दातांसारखे.

भरतेशनं बटणाकडं हात नेला.

अक्कांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. दिवा हिरवा आहे."

"अक्का..."

"यंत्र खोटं बोलत नाही ना?"

खडखड चालू राहिली. रिकामा धावणारा माग थांबवावासा वाटणं आणि थांबवता न येणं, हे भरतेशनं आधी कधी अनुभवलं नव्हतं.

बऱ्याच वेळानं अक्कांनी मनगट सोडलं. त्यानं झडप घालून माग बंद केला.

शांतता.

"सूत आहे?" अक्कांनी विचारलं.

"आहे."

"कापड?"

त्यानं उघड्या उभ्या धाग्यांवर बोट टेकवलं.

"सूत आहे का, हे काय बघतोस... सूत चाललंय का बघ."

भरतेश कडीतल्या तुकड्यापाशी वाकला. मग बाही वर सारली.

"होईल, अक्का. इथंच बसून करतो."

"बस की."

त्यानं लॅपटॉप उघडला. धावणारं सूत थरथरतं, त्याची सावली नाचते. पडलेलं सूत थरथरत नाही. डोळा तोच ठेवायचा, फक्त नुसत्या सावलीऐवजी सावलीची थरथर मोजायची. अक्कांनी भाकरी आणि वांग्याची भाजी आणून ठेवली. एका हातानं जेवत, दुसऱ्या हातानं तो टाइप करत होता. अक्का शेजारच्या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होत्या.

"झालं!"

तुकडा कडीत. माग सुरू. लगेच लाल. बंद.

भरतेश हसला. तुकडा काढून टाकला, खरं सूत ओवलं, माग सुरू केला. हिरवा. खडखड. त्यानं कमरेवर हात ठेवले.

लाल. माग बंद.

सूत तुटलं नव्हतं.

त्यानं पुन्हा चालू केला. थोडा वेळ हिरवा. पुन्हा लाल.

"का थांबवलंस मागाला?" अक्कांनी विचारलं.

भरतेशनं फीडरकडं बघितलं. ढोल सुतानं गच्च भरला होता. भरला की फीडर विसावा घेतो. तेवढा वेळ कोनावरचं सूत जागच्या जागी उभं असतं.

"सूत हललं नाही म्हणून थांबवलं."

"तुटलं होतं?"

"नाही. त्याला कुणी बोलावलंच नव्हतं."

"आणि तू शिक्षा देऊन मोकळा."

भरतेशनं लॅपटॉप बाजूला सारला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला.

"मग करू काय, अक्का? नुसतं असण्यावर विश्वास ठेवला, तर मेलेलं सूत फसवतं. चालण्यावर ठेवला, तर थांबलेलं सूत फसवतं. थांबलेलं आणि तुटलेलं, दोन्ही दिसायला सारखंच!"

"दिसायला सारखंच..."

अक्का उठल्या. फीडरमागचं सूत त्याच्या दोन बोटांत दिलं.

"ओढ."

त्यानं ओढलं. पलीकडं कोनावरून सूत भरभर सुटत आलं.

अक्कांनी कोनापाशी जाऊन सूत कापलं. कापलेलं टोक होतं तिथंच राहिलं. बघणाऱ्याला काही फरक नव्हता.

"आता ओढ."

त्यानं ओढलं. शेपूट हातात आलं. कोन गप्प.

भरतेश हातातल्या शेपटाकडं बघत उभा राहिला.

"फीडर..." तो हळू म्हणाला. मग एकदम मोठ्यानं, "फीडरची मोटर! अक्का, मोटर फिरते तेव्हाच विचारायचं! मोटर फिरली आणि सूत आलं नाही, तरच तुटलं. मोटर बंद असताना डोळ्यानं गप्प बसायचं!"

"मला कशाला ओरडून सांगतोस. तुझ्या डोळ्याला सांग."

त्यानं फीडरच्या मोटरमधून एक तार सेन्सरपर्यंत आणली. उन्हं पत्र्यावरून उतरायच्या आत काम झालं. विसावलेल्या सुतावर माग चालत राहिला. कापलेल्या सुतावर थांबला. अडकलेल्या तुकड्यावर थांबला. आणि प्रत्येक वेळी ढोलावर चार वेढे शिल्लक असतानाच थांबला. कापडाला भोक पडायच्या आधी.

भरतेश सामान भरू लागला. शीळ घालत होता.

"सकाळी पाटलांना दाखवतो. खूश होतील."

"दस्तगीरला बोलावलं होतंस?"

"कधी?"

"दिव्यानं सांगितलं. तू ऐकलंस. पाटलांनी ऐकलं. दस्तगीरला कुणी काही विचारलं का?"

शीळ थांबली.

तो पिशवी तिथंच टाकून निघाला.

दस्तगीर नदाफ घराच्या पायरीवर बसला होता. कुणी ओळखीचं दिसलं की मान फिरवत होता. दोन पिढ्या मागावर गेलेल्या माणसाला कामात लबाडी करतो म्हणून घरी बसवलं होतं. गल्लीत ते सगळ्यांना माहीत झालं होतं.

भरतेश समोर उभा राहिला.

"चाचा, त्या दिवशी काय झालं होतं?"

आजवर तो त्याला नुसतं दस्तगीर म्हणत आला होता.

"आत्ता इचारताय व्हय, साहेब?"

"हो. उशिरा विचारतोय. पण विचारतोय."

दस्तगीरनं पायरीवरून पाय खाली घेतले. मग म्हणाला, "सूत गेलं आन् माग चालूच ऱ्हायला. मी पळत गेलो, हातानं बंद केला. तवर पट्टा पडलावता. तुमचा दिवा हिरवा व्हता. मी काय दिव्यापरीस मोठा न्हवतो."

"चूक दिव्याची होती. म्हणजे माझी."

"हितं म्हणताय. गल्लीत."

"उद्या कारखान्यात म्हणेन."

"मालकासमोर?"

"सगळ्यांसमोर."

दस्तगीरनं त्याच्याकडं नीट बघितलं. बस म्हणाला नाही. पण आत वळून बायकोला म्हणाला, "सकाळचा डबा कर गं."

सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी कामगार जमले. पाटील आले. अक्काही आल्या होत्या. त्यांना खुर्ची दिली तर त्या उभ्याच राहिल्या.

भरतेशनं लांबण लावली नाही.

"कापड बिघडलं ते माझ्या सेन्सरमुळं. चाचा खरं सांगत होते. मी न बघता त्यांना खोटं ठरवलं."

मागं कुणीतरी खाकरलं. पाटलांचा चेहरा लाल झाला.

"मग काढून टाका सगळे सेन्सर! मी ह्याच्या भरवशावर माणसाला घरी बसवलं?"

"जुने काढा," भरतेश म्हणाला. त्याचा आवाज हलला नाही. "नवा एका मागावर लावू द्या. चाचांच्या मागावर. आणि तपासायचं काम माझं नाही. चाचांचं."

पाटलांनी दस्तगीरकडं बघितलं. शेवटी म्हणाले, "दस्तगीर... बघ बाबा तूच."

दस्तगीरनं कात्री घेतली.

त्यानं सूत कोनाशी कापलं. माग थांबला. फीडरपाशी कापलं. थांबला. टोक कडीत अडकवलं. थांबला. नुसतंच उभं राहून फीडरचा विसावा बघितला. माग चालत राहिला. मग त्यानं पाठ फिरवून निघाल्यासारखं केलं आणि एकदम वळून, तिरक्या हातानं सूत तोडलं.

थांबला.

कामगार हसले. दस्तगीर हसला नाही. त्यानं सूत सांधलं, अर्धवट फेरा काढला, माग सुरू केला. हात कापडावर ठेवून चार बोटं कापड विणून होईपर्यंत उभा राहिला. कापड सलग होतं.

"मालक," तो म्हणाला, "माझ्या बाकीच्या मागास्नी पण ह्योच लावा."

पाटलांनी मान डोलावली. मग सगळ्यांच्या देखत दस्तगीरच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑफिसकडं गेले.

पाळी सुरू झाली. एकेक करून माग जागे झाले. त्या गदारोळात भरतेश अक्कांजवळ आला. डोळ्यांत जागरण होतं आणि चमकही होती. कानाशी तोंड नेऊन त्याला बोलावं लागलं.

"अक्का, आता हा सेन्सर चुकणार नाही ना?"

"शिष्य कुणाचा आहे?"

"माझा."

"मग चुकेल."

गदारोळात ओठ वाचायची सवय असलेल्या दस्तगीरला ते कळलं असावं. तो आता हसला.

भरतेशही हसला. पण लगेच गंभीर झाला.

"आणि चुकला तर... मी काय करू?"

अक्कांनी डोक्यावरून पदर घेतला. दाराकडं निघाल्या. उंबऱ्याशी थांबून मागं बघितलं.

"तू चुकलास तेव्हा मी काय केलं?"