हिरव्यातला तांबडा

एका राज्यात धूम्रकेश नावाचा मांत्रिक होता. कान्हू कुंभाराने रांजण द्यायला दोन दिवस उशीर केला, एवढ्यावरून त्याने कान्हूचाच रांजण करून टाकला. मांत्रिकांचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

कान्हूची बायको म्हाळसा तो रांजण गाडीत घालून राजाकडे गेली. राजाने धूम्रकेशाला बोलावून उःशाप विचारला.

"तांब्याच्या लेपातून तांबडी झिलई निघावी आणि ती या रांजणावर चढावी," मांत्रिक म्हणाला. "भट्टीचे आवे तीनच लावायचे. नाही जमलं, तर तो कायमचा रांजण."

तांब्याची झिलई हिरवीच निघते, हे त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

म्हाळसेने रांजणाला हात लावला नाही. तिने खापराच्या तुकड्यांवर लेप दिले. पहिल्या आव्यात लेपात राख वाढवली, तुकडे हिरवे. दुसऱ्यात गारगोटीची पूड वाढवली, तरी हिरवेच. एक मात्र धुराने काळवंडला होता.

"फेकून दे तो," आढ्यावरची साळुंकी म्हणाली. "वाया गेला."

म्हाळसेने तो घासला. काजळीखाली कुंकवाएवढा तांबडा ठिपका निघाला.

"हा कुठं होता गं?"

"मागच्या कोपऱ्यात. तिथलं धुराडं राखेनं बुजलं होतं."

म्हणजे कोंडलेल्या धुराची ही करणी! तिसऱ्या आव्यात म्हाळसेने लेप दिलेला रांजण ठेवला. आवा लाल तापल्यावर तिने ओली लाकडे सारली आणि सगळी भोके चिखलाने लिंपली.

तीन दिवस आवा निवायचा होता. दुसऱ्याच दिवशी आतून हाक आली, "म्हाळसे, उघड! गुदमरतोय मी!"

"आवाज कान्हूचाच आहे," साळुंकी म्हणाली.

"असू दे. तापला आवा देवासाठीसुद्धा उघडत नाहीत." म्हाळसा रडत दाराशी बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी तिने आवा उघडला. रांजण डाळिंबासारखा तांबडा झाला होता. बघता बघता त्याला हातपाय फुटले आणि कान्हू उभा राहिला. शाप तुटताच तिकडे धूम्रकेशाची विद्या गेली. राजाने त्याला कुंभारवाड्यात माती मळायला धाडले.

"धनी, काल हाका मारणारा तो मांत्रिकच ना?" म्हाळसेने विचारले.

"मीच होतो," कान्हू म्हणाला. "उघडलं असतंस तर तडकलो असतो. पण आत असताना एवढं कुणाला सुचतंय!"

म्हाळसा ओक्साबोक्शी रडली. त्यांना जे मिळाले ते तुम्हाआम्हाला मिळो. असा आवा मात्र कुणाला लावावा न लागो.