देवस्थळींनी नळ सुधारला

“पण जे कळलंय ते सांगायला आणखी किती थांबायचं, नाना?”

देवस्थळींनी हे लसूण सोलता सोलता विचारलं. बोरगिरीच्या मठात येऊन त्यांना दोन वर्षं झाली होती, आणि दोन वर्षं ते लसूणच सोलत होते. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी कारखान्यात बॉयलर सांभाळले होते, हाताखाली चाळीस माणसं होती. मठातलं सगळं तत्त्वज्ञान आपल्याला पहिल्या चातुर्मासातच कळलं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरी नाना गुरुवारचं प्रवचन काही त्यांच्याकडे देत नव्हते. हे त्यांच्या फार मनाला लागलं होतं.

मठ चालवणाऱ्या, ऐंशीच्या घरातल्या नानांनी ताटातली एक पाकळी उचलली आणि उजेडात धरून पाहिली.

“काय कळलंय?”

“सवय हेच बंधन. हे एकदा कळलं की बंधन तुटतं.”

“कळलं की तुटतं?”

“तत्क्षणी.”

“...बरं,” नाना म्हणाले, आणि पाकळी परत ठेवून उठून गेले.

होकार नाही, नकार नाही. देवस्थळींचा असा जळफळाट झाला की लसूण तसाच टाकून ते तडक न्हाणीघरात गेले. आपल्या ज्ञानाची कदर होत नाही असं वाटलं की त्यांना काहीतरी दुरुस्त करावंसं वाटे.

न्हाणीघरात दुरुस्त करण्यासारखं होतंही. शॉवरला दोन नळ होते, डावीकडच्यावर लाल ठिपका, उजवीकडच्यावर निळा. बसवणाऱ्याने पाइप उलटे जोडले होते. लाल सोडला की गार पाणी, निळा सोडला की गरम. गच्चीवरच्या सोलरचं पाणी कढत, म्हणून लाल पुरता उघडायचा आणि निळा जेमतेम जरासा, असा मठाचा अकरा वर्षांचा शिरस्ता. नवा माणूस पहिल्या दिवशी एकदा पोळायचा आणि शहाणा व्हायचा. देवस्थळीही दोन वर्षं तसंच करत आले होते, पण मनातून चडफडत.

दुपारभर खपून त्यांनी पाइपांची अदलाबदल केली. नुसते ठिपके बदलले असते तरी भागलं असतं. पण गरम पाणी डावीकडेच हवं, हा त्यांच्या धंद्यातला नियम, आणि नियमापुढे ते कुणाचं चालू देत नसत. सांगितलं मात्र कुणालाच नाही. बरोबर गोष्टीची दवंडी कशाला पिटायची?

सकाळी पहिले अंघोळीला गेले मठातले जुने गणपुले मास्तर. त्यांची आरोळी गोठ्यापर्यंत ऐकू गेली.

नाना मास्तरांना बाकावर बसवून त्यांच्या पाठीला खोबरेल लावू लागले, आणि लावता लावता त्यांनी हे कुणी केलं म्हणून विचारलं. देवस्थळी छाती काढून पुढे झाले. त्यांनी पाव तास सगळं समजावून सांगितलं. मास्तर मधूनच विव्हळत, तेवढ्यापुरते ते सभ्यपणे थांबत. आता सगळ्या जगात आहे तसंच इथेही आहे, मास्तरच सवयीचे गुलाम, त्याला ते काय करणार, असंही त्यांनी सुचवलं.

“लाल गरम, निळा गार,” नाना म्हणाले.

“हो.”

“तुला पक्कं ठाऊक?”

“मीच जोडलेत, नाना.”

“तुझी अंघोळ झाली?”

“नाही अजून.”

“मग करून ये.”

देवस्थळी खांद्यावर पंचा टाकून निघाले. त्यांना मनापासून आनंद झाला होता. नाना इतकं शांतपणे ऐकून घेतात म्हणजे त्यांना पटलंच असणार. गुरुवार आता आपला. शॉवरखाली उभं राहताना प्रवचनाचं पहिलं वाक्य जुळायलाही लागलं. बंधुभगिनींनो, ज्याला सवय ओळखता आली, त्याला...

तेवढ्यात हात पुढे झाला आणि त्याने लाल नळ पुरता उघडला.

ही आरोळी मास्तरांच्या आरोळीहून सरस होती. शेवटी बॉयलरच्या गोंगाटात कमावलेला आवाज तो.

पंचा कसाबसा गुंडाळून देवस्थळी बाहेर आले. खांदे लालबुंद झाले होते. मास्तरांनी बाकावर थोडं सरकून त्यांना जागा करून दिली.

“नळ बिघडला?” नानांनी विचारलं.

“नाही... नळ बरोबर आहे.”

“मग?”



देवस्थळींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ते खालच्या आवाजात म्हणाले, “मला माहीत होतं, नाना.”

“होतंच.”

“म्हणजे मग गुरुवारचं...”

नानांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली, देवस्थळींचा उजवा हात मनगटाला धरून उचलला आणि त्यांच्याच तोंडासमोर आणला.

“कर की प्रवचन. पण आधी याच्यापुढे कर.”