खडकवाडीची सरस जमीन

हिंगणमाळच्या साडेतीनशे एकरांवर कारखाना येणार म्हणून शाळेच्या पटांगणात सुनावणी भरली होती. कंपनीचे कर्णिकसाहेब नकाशा उलगडून म्हणाले, "जमिनीच्या बदल्यात जमीन देऊ. खडकवाडीला, आणि तीही इथल्यापेक्षा सरस!"

खडकवाडीचा उजाड माळ गावानं पाहिलेला होता, पण साहेबांच्या जाडजूड कागदांपुढं कुणाची जीभ रेटेना. तेवढ्यात केराबाई ढोणे उठल्या. नवऱ्याच्या माघारी दोन एकरांत वांगी पिकवून त्यांनी संसार सावरला होता. आवाज शांत होता.

"साहेब, तिथं पाणी आहे?"

"बारमाही, मावशी!"

"रस्ता?"

"ट्रक जाईल असा."

"वीज?"

"चोवीस तास!"

केराबाईंनी सुनावणी घेणाऱ्या प्रांतबाईंना हात जोडले. "बाई, हे सगळं लिहून घेतलंत ना? मग एवढी गुणाची जागा सोडून साहेबांनी आमच्या हलक्या जमिनीत का पडावं? कारखाना तिथंच काढू द्या. आम्ही इथं भागवून घेऊ."

कर्णिकसाहेब उसळले, "तिथं कसा काढणार? तिथं प्यायला पाणी नाही!"

पटांगणात हशा उसळला. प्रांतबाई हसल्या नाहीत. "हेही लिहून घेतलं," एवढंच त्या म्हणाल्या.

महिन्याभरानं प्रस्ताव रद्द झाल्याचं पत्र आलं. सरपंचांनी ते फोडलं नाही. आधी चालत जाऊन केराबाईंच्या हातात दिलं.