नमुन्याबरहुकूम

समुद्रकाठच्या माडबंदर गावात पर्शराम नावाचा एक भोळा मनुष्य होता. गाव त्याला पर्शा म्हणे. तो आळशी नव्हता, लबाड नव्हता, उद्धट तर मुळीच नव्हता. सांगितलेले काम तो अगदी सांगितल्याप्रमाणे करी. त्याच्यात दोष एवढाच होता.

पर्शाचे मामा, त्रिंबकशेट, हे हुक्क्याच्या कोळशाचे व्यापारी होते. हा कोळसा नारळाच्या करवंटीचा असतो. तो धूर करीत नाही आणि सावकाश जळतो, म्हणून शौकीन मंडळींना दुसरा चालत नाही. आता माडबंदरात माड एवढे, की वाटसरूने एक डोळा वर ठेवूनच चालावे. घरोघरी परसात करवंट्यांचे ढीग पडलेले असत. तरीही त्रिंबकशेट आपला कोळसा थेट जावा बेटावरून, गलबतात घालून, समुद्र ओलांडून आणवीत आणि बड्या लोकांना विकीत.

मामी अधूनमधून म्हणत, "अहो, आपल्याच करवंट्या जाळून पाहिल्या तर?"

"तुला व्यापारातलं काय कळतं?" मामा म्हणत. "परसातला माल कोण विचारतो? परमुलखी माल तो परमुलखी माल."

मामी एक करवंटी चुलीत सारीत.

हंगामाचे पहिले गलबत आले. मामांनी पर्शाला सांगितले, "धक्क्यावर जा. गोण्या उतरव आणि थेट वखारीत रच."

वाटेत लाटांनी गोण्या भिजल्या होत्या. पर्शाने त्या ठिबकत्या गोण्या थेट वखारीत रचल्या. पुढे तो कोळसा एका इनामदारांच्या गुडगुडीवर चढला. तो तडतडला, फुटला आणि इनामदारांच्या नव्या धोतराला भोक पाडून मगच विझला.

"अरे पर्शा, गोण्या ओल्या आहेत हे तुला दिसलं नाही?"

"दिसलं ना, मामा."

"मग?"

"तुम्ही थेट म्हणाला होतात. मध्येच थांबणार कसा?"

मामांनी कपाळाला हात लावला. "यापुढे ध्यानात ठेव. गलबतातून जे उतरेल, ते आधी उन्हात घालायचं. एक बाजू तापली की उलटायचं. समजलं?"

"समजलं, मामा."

पुढच्या गलबतातून कोळसा उतरला नाही. जावाच्या व्यापाऱ्याचे एक गुमास्ते उतरले. ते स्थूल होते, वयस्कर होते आणि प्रवासाने शिणलेले होते. पर्शाने वाळूत चटई अंथरली आणि हात जोडून त्यांना तिच्यावर निजवले. डोक्यावर ऊन रणरणत होते. गुमास्त्यांना वाटले, या मुलखात स्वागताची हीच रीत असावी. ते सभ्य गृहस्थ होते. मुकाट्याने पडून राहिले. काही वेळाने पर्शाने त्यांना अदबीने पालथे केले.

मामा धावत पोहोचले, तोवर गुमास्ते शिजलेल्या कुर्लीसारखे लाल झाले होते.

"अरे गाढवा, हे काय?"

"एक बाजू झाली आहे, मामा. दुसरी व्हायची आहे."

मामांनी गुमास्त्यांचे पाय धरले. त्यांना घरी नेऊन ताक पाजले आणि मग पर्शाकडे वळून म्हणाले, "समुद्र ओलांडून जो आपल्याकडे येतो, त्याला सावलीत बसवावं. गूळपाणी द्यावं. वारा घालावा. एवढंही तुझ्या आईनं शिकवलं नाही?"

"आता शिकलो, मामा."

तिसरे गलबत आले. या खेपेस कोळसा कोरडा ठणठणीत होता. तो समुद्र ओलांडून आला होता, हे पर्शाला पक्के ठाऊक होते. त्याने प्रत्येक गोणी फणसाच्या सावलीत बसवली. प्रत्येकीच्या तोंडात गुळाचा खडा घातला आणि वर गार पाण्याचा तांब्या ओतला. मग तो पंखा घेऊन एकेका गोणीला वारा घालीत बसला. संध्याकाळपर्यंत गावातल्या साऱ्या मुंग्या दर्शनाला आल्या.

मामी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माझा भाऊ आला होता, तेव्हा या घरात एवढा पाहुणचार झाला नव्हता हो."

मामांना हसू आले नाही. ते ओरडले, "माल म्हणजे पाहुणा आहे का रे? मालाचा आदर करायचा नसतो. त्याची पारख करायची असते. यापुढे दारात जे येईल, ते आधी बोटांनी ठोकून पाहा. खणखणीत वाजलं तर आत घे. बद्द वाजलं तर आल्या वाटेने परत पाठव."

"बरं, मामा."

चांगल्या कोळशाची ही परीक्षा खरीच आहे. परंतु त्यानंतर दारात आले ते जहागीरदारांचे कारभारी नागोपंत. आबासाहेब जहागीरदारांच्या कन्येचे लग्न ठरले होते. वरपक्ष घाटावरचा, हुक्क्याचा मोठा शौकी. जेवणानंतर हुक्का फक्कड झाला नाही, तर व्याही रुसून बसतात, अशी त्यांची ख्याती होती. म्हणून उत्तम कोळसा मागवण्यासाठी नागोपंत खाडी ओलांडून स्वतः आले होते.

मामा ओटीवर आले तेव्हा पर्शा एकटाच उभा होता.

"कोण आलं होतं रे?"

"कारभारी नागोपंत."

"मग आहेत कुठे?"

"पगडीखाली ठोकून पाहिलं, मामा. बद्द वाजले. परत पाठवले."

मामा अनवाणी धावले. खाडीतली होडी सुटायच्या बेतात होती. त्यांनी गुडघाभर पाण्यात उभे राहून क्षमा मागितली. नागोपंत डोके चोळीत म्हणाले, "हे पाहा शेट, वराकडच्या लोकांपुढे आबासाहेबांची मान खाली जाता कामा नये. आधी नमुना दाखवा, मग माल. नमुन्यात आणि मालात केसाएवढा फरक दिसला, तर आमच्या दाराची पायरी पुन्हा चढू नका."

आबासाहेब हातून सुटले, की बाकीचे बडे लोकही सुटणार आणि वखारीला कुलूप लागणार, हे मामांना पक्के ठाऊक होते. त्यांनी जावाहून एक पेटीभर उत्तम कोळसा नमुन्यादाखल मागवला. आबासाहेबांनी तो गुडगुडीवर ठेवून साराच्या सारा ओढून पाहिला. धूर नाही, वास नाही आणि मागे राहिली ती राख मोगऱ्यासारखी पांढरीशुभ्र. आबासाहेब खूश झाले. नागोपंत काटेकोर गृहस्थ. त्यांनी ती राख पुराव्यासाठी पुन्हा पेटीत भरली आणि पेटी मामांच्या हाती दिली.

लग्न जवळ आले. मामामामींना तयारीसाठी आधीच लग्नघरी जायचे होते. मामांनी ती पेटी न उघडताच पर्शाच्या हाती ठेवली.

"नीट ऐक. हा नमुना. आबासाहेबांना हाच पसंत आहे. गलबत आलं की माल याच्याशी ताडून पाहा. याच्याशी जुळेल तोच लग्नघरी घेऊन ये. दुसरा एक खडादेखील मांडवात येता कामा नये. आणि हे बघ, स्वतःची अक्कल चालवू नकोस."

"ती मी कधीच चालवत नाही, मामा."

दाऊद तांडेलांनी गलबत धक्क्याला लावले. पर्शाने एक गोणी उघडली, शेजारी पेटी उघडली आणि मान हलवली.

"तांडेल, हा माल काळा आहे."

"कोळसा काळाच असतो, बाबा."

"नमुना पांढरा आहे. नमुना मऊ आहे. हा टणक आहे."

"अरे, ते जळल्यावर झालं तसं!"

"मग हा अजून कच्चा आहे म्हणायचा," पर्शा म्हणाला. "पिकवला पाहिजे."

तांडेलांनी शेवटची गोणी धक्क्यावर टेकवली. मग ते म्हणाले, "माझं काम उतरवायचं. जाळायचं तुझं तू बघ." आणि ते नमाजाला निघून गेले.

पर्शाने साऱ्या गोण्या वाळूत ओतल्या आणि पेटवून दिल्या. कोळसा खरोखरच उत्तम होता, लवकर संपेना. कोळणींनी त्या धगीवर सुकट भाजून घेतली. अखेर सारा माल पांढराशुभ्र झाला. पर्शाने तो निवू दिला, चिमूटचिमूट नमुन्याशी ताडून पाहिला, पुन्हा गोण्यांत भरला आणि लग्नघरी नेला.

मांडवात पंगत उठत होती. मागच्या पडवीत मामा आणि नागोपंत यांनी गोणी सोडली. नागोपंतांनी सवयीने पेटी उघडली, एकदा तिच्यात पाहिले, एकदा गोणीत पाहिले.

"शेट," ते क्षीण आवाजात म्हणाले, "केसाएवढाही फरक नाही."

"असणार कसा?" पर्शा म्हणाला. "आणि पेटवायचे कष्टही नकोत. सारा एकदा पेटवूनच आणला आहे."

बाहेर हुक्के मांडले गेले होते. व्याही लोडाला टेकून आपल्या काळ्याभोर मिशांना पीळ देत वाट पाहत होते. त्या मिशा त्यांनी लग्नासाठी खास कलप लावून काळ्या केल्या होत्या.

"गेलं सगळं," मामा पुटपुटले. "वखार गेली."

"काही गेलं नाही," मामी म्हणाल्या. लग्नाच्या स्वयंपाकाला ढीगभर नारळ फोडले होते. मामींनी पदर खोचला, करवंट्या गोळा केल्या आणि आचाऱ्याच्या चुलीत पेटवल्या. व्याह्यांना आणखी एक विडा देऊन थोपवून धरले. तेवढ्यात लालबुंद निखारे तयार झाले आणि चिलमींवर चढले.

व्याह्यांनी एक झुरका घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. साऱ्या मांडवाने श्वास रोखला.

"वा!" व्याही म्हणाले. "आबासाहेब, याला म्हणतात परमुलखी माल! इकडच्या करवंट्यांना ही सर कुठून यायची?"

आबासाहेबांनी मामांकडे कौतुकाने पाहिले. मामांनी मामींकडे पाहिले. मामींनी छताकडे पाहिले. वखार वाचली होती.

इतक्यात एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात पेटी घेऊन पर्शा मांडवात आला. तो चिलमीपाशी वाकला, त्याने निखारा पाहिला, पेटीत पाहिले आणि अतिशय दुःखी चेहऱ्याने म्हणाला, "क्षमा असावी. हा माल नमुन्याशी जुळत नाही. हा आमच्या मामींनी चुलीतून आणला आहे. दुसरा एक खडादेखील मांडवात येता कामा नये, असं मामांनी बजावलं आहे."

त्याने चिमट्याने निखारा उचलून पाण्याच्या घंगाळात टाकला. निखारा चर्रर्र वाजला. मग त्याने पेटीतली मूठभर राख चिलमीवर नीट रचली आणि हात जोडले.

"आता ओढा, महाराज. हाच खरा."

व्याही त्याच्याकडे पाहतच राहिले. त्यांचे तोंड उघडे पडले, नाक फुलले, डोळे बारीक झाले आणि त्यांना शिंक आली. मोठी, वरपित्याला शोभेल अशी.

राख खाली बसली तेव्हा पर्शाने आधी पेटीत पाहिले, मग व्याह्यांच्या मिशांकडे पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. त्या अगदी नमुन्याबरहुकूम झाल्या होत्या.