द्रोणातली करवंदं

"मग खात का नाही म्हातारी?" फकीरबाबांनी विचारलं.

घाटावरच्या दर्ग्यात कलावती बाबांकडे झाडपाला शिकायची. कुठलंही पान डोळे मिटून वासावर ओळखायची, आणि त्याचा ताठा नाकावर घेऊन हिंडायची. घरात मात्र सासू तापातून उठली ती अन्नावर रुसूनच. अंगात रक्ताचा थेंब नाही. डॉक्टरीणबाई बजावून गेली होती, पोटात काही गेलं नाही तर म्हातारीचं काही खरं नाही.

"जाळीत शिरून, काटे सोसून करवंदं आणते, बाबा. वर गुणही सांगते. लोह आहे, रक्त भरतं. हिरड्यांना बळ येतं, तोंडाला चव येते. रोज सांगते."

"तू खाल्लंस एखादं?"

"मला काय धाड भरलीय?"

बाबांनी काठी घेतली आणि तिच्यामागून घाट उतरले.

सासू, तानूबाई, बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"फळ आंबट, नि चारणारीचं तोंड कडू," ती न वळताच म्हणाली. "कसं खायचं, फकीरबाबा?"

"खा म्हणतंय कोण?" बाबांनी उशाशी ठेवलेल्या द्रोणातलं एक करवंद उचललं. "ओळख. कोंबडा की कोंबडी?"

रानातली पोरं हेच खेळत वाढतात. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी.

म्हातारी वळली. "कोंबडी."

बाबांनी दातानं फोडून दाखवलं. लालभडक.

"लबाडी आहे. आधी बघून घेतलंत तुम्ही. आणा इकडं. आता माझं ओळखा."

"कोंबडा."

तिनं चावलं, जीभ बाहेर काढून दाखवलं. पांढरं.

"हरलात," म्हणाली, आणि गिळून टाकलं.

मग दुसरं. मग आणखी. ओठांना चीक लागला, हनुवटीवर लाल ओघळ आला. बाबा हरत राहिले. हरवता हरवता म्हातारी कधी उठून बसली, तिचं तिलाच कळलं नाही.

"कले, भाकर आहे का गं? आंबटानं पोटात खड्डा पडला."

कलावतीचे डोळे भरले. तरी ताठा सुटेना.

"बाबा, तुम्ही तर एकही गुण सांगितला नाहीत आत्याबाईंना."

द्रोणात एकच करवंद उरलं होतं. बाबांनी ते तिच्या तळहातावर ठेवलं.

"आता तुझी पाळी. चाव."